लोअरिंग स्प्रिंग टाकल्यावर गाडी आपटते, आवाज करते, टायर खाते: तपासायला सुरुवात कुठून करायची

रोज रस्त्यावर चालवायच्या स्पोर्ट्स कारला बाहेरच्या कंपनीचे लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणारे आखूड स्प्रिंग, टाकले, गाडी छान खाली बसली, फोटो झाले आणि मग थोड्याच दिवसांत तक्रार सुरू, असं इतक्या गाड्यांचं बघितलंय की आता समोरचा काय बोलणार ते आधीच कळतं. "स्प्रिंग फार कडक आहेत हो." बहुतेक वेळा ते कडक नसतातच. गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दाबलं की शेवटी लागणाऱ्या रबरासारख्या ठोकळ्यावर, टेकलेली असते. आत बसलेल्याला दोन्ही सारखंच वाटतं, कंबरेला तर अजिबातच फरक कळत नाही, पण दोन्हीचे उपाय एकदम उलटे आहेत. कडक वाटतात म्हणून त्याच उंचीचे मऊ स्प्रिंग घातले की गाडी आणखी जोरात आपटते, मग लोक म्हणतात कंपनीच बेकार. म्हणून पैसे घालवायच्या आधी खालच्या क्रमाने बघत जा. सुरुवातीच्या गोष्टी फुकटात होतात.

लक्षणं

- छोट्या भेगा, रस्त्याचे सांधे ठीक जातात पण मोठा खड्डा किंवा वेगात एखादा खोलगट भाग आला की धाडकन आवाज आणि पाठीत दणका. हे बंप स्टॉप.
- उंचवट्यावरून गेल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली होत राहते, एका झटक्यात शांत होत नाही. शॉकअप.
- गुळगुळीत रस्त्यावरही सतत बारीक थरथर. इथे स्प्रिंग खरंच कडक असू शकतात, किंवा बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) पिळलेल्या अवस्थेत टाईट झालेत, किंवा नुसती टायरमध्ये हवा जास्त आहे.
- उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की टंग, कट् असा आवाज, स्प्रिंग अडकून मग सुटल्यासारखा. वरचं माउंट, त्यातलं बेअरिंग किंवा स्प्रिंग सीटवर नीट बसलेला नाही.
- वळणात असताना मधेच उंचवटा आला की पुढची बाजू बाहेर घसरते नाहीतर मागची एकदम सुटते. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, कारण वळणात बाहेरच्या बाजूचं चाक आधीच दाबलेलं असतं, त्यात बंप स्टॉप लागला की त्या चाकावर एका क्षणात प्रचंड जोर येतो आणि पकड जाते. असं होत असेल तर बाकी सगळं होईपर्यंत गाडी सावकाश चालवा.
- टायरची आतली कड झिजलेली, बाहेरून बघितलं तर टायर नवा.
- एक कोपरा खाली, स्टिअरिंग वाकडं, गाडी एका बाजूला ओढते.
- समोरून येणारे डिपर मारतात. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त खाली गेली की हेडलाईट वर उठतात.

आधी फुकटातलं

टायरची हवा बघा. हसू नका, थरथरीच्या तक्रारी नुसत्या हवेवर मिटलेल्या मी बघितल्यात. डिकी रिकामी करा, गाडी सपाट जागी घ्या, चाक सरळ, आणि चारही चाकांवर चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. जमिनीपासून मोजायचं नाही, कारण टायरचा साईज आणि हवा त्यात मिसळते. गाडी नुकतीच जॅकवरून उतरवली असेल तर आधी थोडी मागेपुढे करा आणि एक चक्कर मारून या, नाहीतर टायर आत ओढलेले राहतात, गाडी उंच दिसते आणि आकडे खोटे येतात.

आता हे आकडे जुन्या उंचीशी ताडून बघा. डावी-उजवीत ५-६ मिमी फरक मी सोडून देतो. खोक्यावर ३० मिमी लिहिलंय आणि गाडी ४५ खाली गेलीय तर पार्ट नंबर चुकीचा असण्याची शक्यता खूप, कारण एकाच मॉडेलमध्ये मोठं इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, उघडं छत अशा प्रकारांचं पुढच्या-मागच्या अक्षावरचं वजन वेगळं असतं आणि स्प्रिंगही वेगळे येतात. उलट गाडी सांगितल्यापेक्षा कमीच खाली आली असेल तर बुशकडे संशय जाऊ दे, ते पुढे येतंय.

मग टॉर्च घेऊन स्प्रिंगवरची अक्षरं वाचा. पुढचा पुढे, मागचा मागे आहे का? अक्षरं सरळ वाचता येतायत की उलटी? उलटी असतील तर स्प्रिंगच उलटा बसवलाय. स्प्रिंगचं टोक सीटमधल्या खाचेत अगदी टेकलेलं पाहिजे, आणि मूळचं रबर पॅड जागेवर पाहिजे. घाईत बसवणारे रबर जुन्या स्प्रिंगलाच चिकटलेलं विसरतात आणि मग लोखंडावर लोखंड घासून कुरकुर येते. स्टिअरिंग फिरवताना येणाऱ्या आवाजाची निम्मी प्रकरणं माझ्या हिशोबात इथेच संपतात.

केबल टायवाली चाचणी

अख्ख्या पोस्टमधलं एकच काही करणार असाल तर हे करा. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर, धूळ-कव्हर वर सरकवून, एक प्लास्टिकची केबल टाय घट्टशी बांधा आणि शॉकअपच्या बॉडीला टेकवून ठेवा. फार आवळू नका, सरकली पाहिजे. गाडी नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या वेगाने फिरवून आणा. दांडा जितका आत गेला तितकी टाय बॉडीने ढकलत वर नेलेली असते. ती बंप स्टॉपमध्ये घुसलेली दिसली की विषय संपला, तुम्ही त्याच्यावर आपटताय. दांडा दिसतच नसेल अशी रचना असली तर बंप स्टॉपच्या टोकाला थोडं ग्रीस लावा, समोरच्या भागावर डाग पडतो का बघा.

त्याच वेळी गाडी चाकांवर उभी असताना बंप स्टॉपचं टोक आणि शॉकअपची बॉडी यात किती जागा उरलीय तेही मोजा. काही गाड्यांमध्ये मुळातच बंप स्टॉप लवकर लागतो, तो मऊ असतो आणि दुसऱ्या स्प्रिंगसारखं काम करायला ठेवलेला असतो, त्यामुळे नुसता लागतोय म्हणून घाबरायचं कारण नाही. तो पूर्ण दाबून संपतोय का, हा खरा प्रश्न.

आता थोडं गणित, कारण ते एकदा कळलं की स्प्रिंग निवडायची नजरच बदलते. समजा एका चाकावर स्प्रिंगचा कडकपणा २५ न्यूटन प्रति मिमी आहे, म्हणजे एक मिमी दाबायला २५ न्यूटन जोर लागतो, आणि मूळ उंचीला बंप स्टॉपपर्यंत ६० मिमी मोकळी जागा आहे. म्हणजे तिथपर्यंत पोचायला उभ्या गाडीच्या वजनावर आणखी २५ × ६० = १५०० न्यूटन जोर लागतो. आता ३० मिमी खाली बसवणारे आणि ३० टक्के कडक स्प्रिंग टाकले. नवा आकडा ३२.५, जागा उरली ३० मिमी, जोर झाला ९७५ न्यूटन. स्प्रिंग कडक करूनही आधीपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी जोर लागला तरी गाडी बंप स्टॉपवर पोचते! जुने १५०० परत पाहिजेत तर ३० मिमीमध्ये स्प्रिंग ५० चा लागेल, म्हणजे थेट दुप्पट. आणि तो दुप्पट कडक स्प्रिंग रोजच्या रस्त्यावर कोणाला झेपणार.

म्हणून "किती खाली जाते" या आकड्यावर स्प्रिंग घेऊ नका, खाली गेल्यावर किती जागा उरते त्यावर घ्या. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ सारख्या हलक्या गाडीत वर जायची जागा मुळातच कमी, तिथे २० मिमीसुद्धा भारी पडतात, आणि सस्पेन्शनला वरखाली व्हायला भरपूर जागा असलेल्या गाडीत ३० मिमी कोणाला जाणवतही नाहीत.

बंप स्टॉप जागेवर आहे का हेही बघून घ्या. जुना भुगा होऊन पडलेला असतो, किंवा कोणीतरी "जागा मिळावी म्हणून" पूर्ण काढून टाकलेला असतो. तसं केलं की शॉकअप आतून लोखंडावर लोखंड आपटतो आणि खालचा व्हॉल्व्ह फुटतो. स्प्रिंगच्या कागदावर इतके मिमी कापा असं लिहिलं असेल तर तेवढंच कापा, आणि कोणतं टोक कापायचं तेही त्यातच बघा. कागदात काही लिहिलेलं नसेल तर ब्लेडला हात लावू नका.

बुश सैल करून परत टाईट करणं

खर्च जवळपास काही नाही, फायदा मोठा, आणि तरी फार कमी ठिकाणी करतात. सस्पेन्शनच्या आर्मचे (चाक गाडीशी जोडणाऱ्या हातांचे) रबर बुश आतल्या लोखंडी नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेले असतात, ते फिरत नाहीत, पिळले जातात. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि अशा अवस्थेत बोल्ट टाईट केला की बुशच्या दृष्टीने लटकलेली जागा हीच मूळ जागा होते. गाडी खाली उतरली की ते कायम पिळलेले राहतात, गाडीला वर ढकलत राहतात, राईड उगाच कडक लागते, कुरकुरतात आणि वेळेआधी फाटतात. स्प्रिंग न बदलता नुसतं खाली बसवूनही हेच होतं कारण आर्मचा कोन बदलतो.

उपाय: गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असताना, म्हणजे चार खांबी लिफ्ट किंवा खड्डा किंवा रॅम्पवर, आर्मचे आतले बोल्ट सैल करा, गाडी हाताने दोन-चारदा दाबून सोडा आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कला परत आवळा. कॅम असलेले (फिरवून अलाइनमेंट बदलणारे) बोल्ट असतील तर आधी खूण करून ठेवा, नाहीतर अलाइनमेंट गेली. गाडी नुसत्या जॅकवर असताना मात्र हे करायला खाली घुसायचं नाही, कधीच नाही.

लटकवून बघा

दोन्ही पुढची चाकं एकदम उचला, गाडी स्टँडवर ठेवा. एकच चाक उचललं तर अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) त्याला धरून ठेवतो आणि पूर्ण खाली येऊ देत नाही. आता स्प्रिंग हाताने हलवून बघा. सैल होऊन सीटवरून सरकत असेल तर मूळ शॉकअपच्या मानाने स्प्रिंग आखूड आहे. उंचवट्यावर चाक हवेत गेलं की तो जागा सोडतो आणि परत बसताना वाकडा बसतो, टंग आवाज तिथूनच. यावर आखूड दांड्याचे शॉकअप घ्यायचे किंवा कमी खाली जाणारे स्प्रिंग घ्यायचे. रबर कोंबून, तार बांधून काही होत नाही.

चाकं लटकलेली आहेतच तर ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाहीये ना बघून घ्या. हेडलाईट आपोआप वरखाली होणारी गाडी असेल तर आर्मला जोडलेला उंचीचा सेन्सर असतो, त्याची काडी वाकलेली असेल किंवा कॅलिब्रेशन राहिलं असेल तर लाईट चुकीचे पडणारच.

शॉकअप

गळतोय का बघा, ओलं तेल दिसलं की गेला. पण न गळणारा शॉकअपही संपलेला असू शकतो. नवा कडक स्प्रिंग जुन्या थकलेल्या शॉकअपवर घातला की जुना दोष उघडा पडतो, स्प्रिंगने नवीन काही बिघडवलेलं नसतं. स्प्रिंगचा कडकपणा ३० टक्के वाढला तर तितकंच नियंत्रण राहायला शॉकअपचा जोर साधारण १४ टक्के वाढायला लागतो, वर्गमुळाचं नातं आहे ते. चांगल्या अवस्थेतला मूळ शॉकअप एवढं बऱ्याचदा सांभाळतो. ५०-६० टक्के वाढवलंत तर नाही. आणि बंप स्टॉपचा त्रास बाजूला ठेवून आधी शॉकअपच बदलायला धावू नका, तो या यादीतला महाग भाग आहे.

अलाइनमेंट

नवे स्प्रिंग थोडे बसतात, म्हणून काही शे किलोमीटर चालवून मग पक्कं अलाइनमेंट करा, पण बसवल्यावर लगेच एक साधं टो (वरून बघताना चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बघून घ्या. टायरची आतली कड झिजली की सगळे कॅम्बरला, म्हणजे समोरून बघताना चाक किती कललंय त्याला, दोष देतात, खरा खाणारा टो असतो. उणे दीड-दोन अंश कॅम्बर टो बरोबर असेल तर रस्त्यावर चालून जातं, टो बिघडलेला असेल तर नवा टायर बघता बघता जातो. मागच्या चाकांचा टोही बघा, खूप जण पुढचंच करून येतात.

पुढे स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र, आणि तोच चाकाला वरून धरतो) असलेल्या गाडीत आणखी एक. लोअर आर्मकडे समोरून बघा. त्याचा चाकाकडचा सांधा (बॉल जॉईंट) गाडीकडच्या आतल्या सांध्यापेक्षा वर गेलेला दिसत असेल तर तुम्ही फार खाली गेलात. अशा वेळी रोल सेंटर (गाडी वळणात ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतो, त्यामुळे गाडी खाली असूनही वळणात जास्त झुकू पाहते, आणि खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःहून हलायला लागतं. मागे सलग एक्सल आणि पॅनहार्ड रॉडवाली (एक्सलला आडवं धरून ठेवणारा दांडा असलेली) गाडी असेल, उदाहरणार्थ २००५ ते २०१४ ची फोर्ड मस्टँग, तर खाली बसवल्यावर अख्खा एक्सल किंचित एका बाजूला सरकतो. एका मागच्या टायरला मडगार्ड घासतंय आणि दुसऱ्याला मोकळी जागा, हे त्याचंच. लांबी बदलता येणारा रॉड घातला की एक्सल परत मधे येतो.

एवढं सगळं ठीक असेल तरच स्प्रिंग बदलायचा विचार

आता खरंच चुकीचा स्प्रिंग निवडलाय असं मानू. आकडे वाचताना एकक बघा: १ किलो प्रति मिमी म्हणजे ९.८१ न्यूटन प्रति मिमी म्हणजे ५६ पौंड प्रति इंच. यात गोंधळ घालून लोक एकमेकांशी भांडत बसतात. दुसरं, स्प्रिंगचा आकडा आणि चाकावरचा आकडा वेगळा. स्प्रिंगची हालचाल भागिले चाकाची हालचाल, त्याचा वर्ग करून स्प्रिंगच्या आकड्याला गुणायचं. स्ट्रटमध्ये हे गुणोत्तर एकच्या जवळ असतं, विशबोनमध्ये (चाक त्रिकोणी आर्मनी धरलेली रचना) ०.७ असेल तर वर्ग ०.४९, म्हणजे ५० चा स्प्रिंग चाकाला जेमतेम २४.५ लागतो. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेडला पुढे स्ट्रट आणि मागे डबल विशबोन आहे, तिथे मागचा स्प्रिंग आकड्यात जास्त दिसला म्हणून मागची बाजू कडक असं होत नाही.

रस्त्यासाठी मी फ्रिक्वेन्सी बघतो, म्हणजे स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होते ते. एका कोपऱ्यावर ३०० किलो वजन धरा: चाकावर २५ न्यूटन प्रति मिमीला साधारण १.४५ हर्ट्झ येतात, ३२.५ ला १.६६, ५० ला २.०५. साध्या गाड्या १ ते १.५ मध्ये असतात, रस्त्यावरची स्पोर्ट्स कार १.५ ते २ मध्ये बरी लागते, दोनच्या वर गेलात की ट्रॅकवर मजा आणि रोजच्या रस्त्यावर वैताग.

प्रोग्रेसिव्ह (दाबत जाल तसा कडक होत जाणारा) की लिनिअर (सगळीकडे सारखाच कडक)? आरामासाठी प्रोग्रेसिव्ह लोक घेतात, पण बऱ्याच लोअरिंग स्प्रिंगमधले जवळजवळचे मऊ वेढे गाडी नुसती उभी असतानाच एकमेकांना टेकलेले असतात, म्हणजे चालताना तो जवळपास लिनिअरच. लिनिअरला गाडी कशी वागेल याचा अंदाज येतो, शॉकअपही त्याला नीट जुळवता येतो, मला तोच आवडतो. एकाच कंपनीचे सौम्य आणि जहाल असे दोन सेट मिळतात, जसे आयबाखचे प्रो-किट आणि स्पोर्टलाईन. रोजच्या गाडीला, मूळ शॉकअपवर, सौम्य घ्या, यात मला दोन मतं दिसत नाहीत.

मूळ स्प्रिंग कापून घ्यायचा सल्ला कोणी देईलच. सहा चालते वेढे असतील आणि एक कापला तर कडकपणा २० टक्केच वाढतो पण उंची त्यामानाने खूप जाते, वरचं गणित आठवा. शिवाय सीटमध्ये बसणारं आकार दिलेलं टोक जातं, आणि गॅसने कापलं तर उष्णतेने तिथलं पोलादच बिघडतं.

कॉईलओव्हरवाल्यांसाठी (शॉकअपवरच स्प्रिंग बसवलेला, उंची बदलता येणारा सेट): स्प्रिंगचा आतला व्यास ६०, ६३.५ आणि ६५ मिमी असा वेगवेगळा येतो. ६० च्या जागी ६३.५ बसतो, पण आत खेळतो, आणि मग ती टकटक शोधत लोक सगळे बुश बदलून येतात.

कुठे थांबायचं

स्ट्रटमधला स्प्रिंग काढायची वेळ आली आणि हातात साध्या दोन हूकवाला कॉम्प्रेसर असेल, अनुभव नसेल, तर थांबा. ३० न्यूटन प्रति मिमीचा स्प्रिंग १५० मिमी दाबला की त्यात सुमारे ३३७ जूल साठतात, साधारण ३५ किलोचं वजन एक मीटर वरून पडल्याइतके, आणि ते तुमच्या तोंडासमोर. वरचा मधला नट गाडीतून काढायच्या आधी पूर्ण सोडला म्हणून जखमी झालेले लोक आहेत. हे काम भिंतीला किंवा जमिनीला पक्क्या केलेल्या मशीनवरच करून घ्या.

स्प्रिंगला तडा दिसतोय, रंग उडून गंजाचे खड्डे पडलेत, बॉल जॉईंटमध्ये खेळ आहे, चेसिसवरचं माउंट फाटलंय किंवा वाकलंय, तर गाडी चालवत नेऊ नका, टोइंगवाल्याकडून उचलून न्या. एअर सस्पेन्शन किंवा इलेक्ट्रॉनिक शॉकअपवाली गाडी असेल तर बॅटरी-स्कॅनर-कॅलिब्रेशन हा सगळा त्या मॉडेलवर काम केलेल्या माणसाचा विषय आहे, कनेक्टर काढून बघू असं करू नका. आणि वळणातली घसरण वरचं सगळं बघूनही जात नसेल तर कोपऱ्यांचं वजन मोजणारा सस्पेन्शनवाला गाठा, नेहमीच्या टायरवाल्याकडे ते होणार नाही.

जाताना सोबत हे न्या: चारही कोपऱ्यांची आधीची आणि आताची उंची, स्प्रिंगचा पार्ट नंबर, बंप स्टॉपपर्यंत उरलेली जागा, केबल टाय कुठपर्यंत गेली त्याचा फोटो आणि शेवटच्या अलाइनमेंटचा कागद. एवढं हातात असलं की समोरचा अंदाजाने पार्ट बदलत बसत नाही, आणि बसायला लागलाच तर तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.